मुजऱ्या कुठं जातो

गुंजवणे, ता. २७ फेब्रुवारी १९३८

बयाबाईस,

सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, खोडलं. आशीर्वाद द्यायला आधी नवरा असावं लागतं, आणि मी तो आहे की नाही हे तुझ्या बापानं वैशाखावर टाकलंय. त्यांचा, म्हादूमामांचा, निरोप पोचला. वैशाखात मेंढरांचा वाडा कोकणातून परत वर येईल, भोरच्या नदीत मुक्काम पडेल, तिथं पंच बसतील. जावयानं यावं, काडी मोडावी आणि पोरगी मोकळी करावी. वा! दिवाळीनंतर वाडा खाली उतरताना तू 'आईला भेटून येते' म्हणून भोरला गेलीस, ती मेंढरांबरोबर घाटच उतरलीस. चार महिने झाले. कारण काय ते कुणी सांगत नाही, थेट काडीच.

पत्र बिरवाडीच्या शेटजींच्या दुकानावर पाठवतोय, कारण फिरत्या वाड्याला पत्ता नसतो आणि तुला वाचता येत नाही. शेटजी, रामराम. आपण वाचून दाखवाल. पदरची मीठमिरची लावू नये, आणि दुकानात गिऱ्हाईक असताना तर वाचूच नये.

मी भांडायला लिहीत नाही. एका पाखराबद्दल विचारायचंय, बस्स. मुजऱ्याबद्दल. तोच तो, शाळेमागच्या खडकाळ माळावरचा, वाळूच्या रंगाचा, गळा काळा नि शेपूट काळी, दगडावर बसला की पुढं वाकून मुजरा करणारा. नाव तूच ठेवलंस. माझ्या पुस्तकात तो वाळवंटातला म्हणून दिलाय. आपल्याकडं हिवाळ्यापुरता येतो आणि शिमग्याच्या आसपास जातो. दर वर्षी तू सांगायचीस, "मास्तर, आज काय बघायचं ते बघून घ्या, उद्या न्हाई दिसायचा." आणि दुसऱ्या दिवशी माळ रिकामा. दोन वर्षांत एकदाही चुकली नाहीस. ते तुला कशावरून कळायचं?

एवढंच कळव. बाकी इकडे सर्व ठीक. भाकरी मला जमते. तुझ्यासारखी होत नाही, पण जमते.

रायबा, शिक्षक


गुंजवणे, ता. १३ मार्च १९३८

बयाबाईस,

शेटजींच्या हातचं कार्ड मिळालं. एक ओळ: 'बयाबाई सांगते की, पाखरू बघायला डोळे लागतात, टपाल न्हाई.'

हे मला माहीत नव्हतं होय? डोळे आहेत मला. सकाळी पोरांची शाळा भरायच्या आधी घटकाभर आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत माळावर बसतो. मुजऱ्या आहे अजून. रोज त्याच तीन दगडांवर. मी वहीत लिहितो: बसला, उडाला, किडा धरला, बसला. काल जे लिहिलं तेच आज. उद्या जाणार की परवा, ह्याचं त्याच्या अंगावर काही लिहिलेलं दिसत नाही. तू नुसती पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता बघायचीस. पाटी खाली ठेवायचीसुद्धा नाहीस.

ओढ्याकाठचा पांगारा लालभडक फुललाय आणि त्यावर भोरड्यांचा बाजार भरलाय. गुलाबी पोट, काळं डोकं, आणि कलकल एवढी की वर्गातली पोरं बरी. किती असतील ते मोजायला गेलो. शंभरापर्यंत पोचलो की सगळ्या उठतात, गिरकी घेतात आणि परत बसतात. पुन्हा एकपासून. तू कशा मोजायचीस? तू म्हणायचीस, "चार खंड्या," मेंढरं मोजावीत तसं, आणि मी लिहून घ्यायचो.

आक्काबाई चुलती रोज कालवण आणून देते आणि बरोबर चार शब्द. काल म्हणाली, "बायकू ग्येली, पर ह्याचं झाडाकडं बघून हसणं न्हाई ग्येलं." मी हसत नव्हतो. ऊन डोळ्यांवर आलं होतं.

तू का गेलीस ते मला खरोखर कळलेलं नाही. कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. चार भिंतींत तुझा जीव रमत नाही हे ठाऊक होतं. जन्मभर चालत आलेलं माणूस तू. पण म्हणून काडी? दुसरं कारण असेल तर सांग. मला आठवत नाही.

जाता जाता एक. पुण्याच्या मासिकाचा तो जुना अंक, दिवाळीच्या आधी आलेला, ज्यात माझा लेख छापून आला, तो घरात सापडत नाही. फळी, पेटी, कणगीमागं, सगळं पाहिलं. आक्काबाईनं चुलीत घातला असेल. असो.

रायबा


गुंजवणे, ता. २४ मार्च १९३८

बयाबाईस,

म्हणजे अंक तू नेलास!

वाचता येत नाही आणि अंक नेलास. आणि शेटजी, तुम्ही तो अख्खा वाचून दाखवलात? बाजाराच्या दिवशी? तुमचं कार्ड मी तीनदा वाचलं. इथं उतरवून काढतो, म्हणजे आपण काय लिहिलंत ते आपल्यालाही कळेल: 'लेख फार गोड आहे. दुकानातील मंडळींस आवडला. बयाबाई सांगते की, मुजऱ्या उन्हाळ्यात कोकणात उतरतो असं छापलंय. शिमगा झाला, मेंढरांमागं समदं रान पालथं घातलं, एक मुजऱ्या दिसला न्हाई. ते म्या कवा सांगितलं व्हतं?'

नाकाला मिरच्या झोंबल्या. कार्ड फाडणार होतो. मग माळावर गेलो आणि तिथं बसून राहिलो.

नव्हतं सांगितलंस. मी विचारलं होतं, इथून जातो तो कुठं जातो? तू म्हणालीस, "ठावं न्हाई." मी परत विचारलं. तू म्हणालीस, "आवो, न्हाई ठावं. दिसंना झाला येवढंच ठावं." आता बघ, लेखात असं कसं लिहायचं? मास्तर माणूस मी. फळ्यापुढं उभं राहून 'ठाऊक नाही' म्हणायची जीभ वळत नाही. पोरानं विचारलं तर काहीतरी सांगतो आणि पोर ते पाटीवर लिहून घेतं. मनात म्हटलं, माझी सासुरवाडी ऋतू बदलला की कोकणात उतरते, मग पाखरूही तिकडंच उतरत असणार. मेंढरांच्या हिशेबानं पाखरू चालवलं. आणि वर लिहिलं, 'असे मला स्थानिक मेंढपाळांकडून समजले.' तुझ्या तोंडी घातलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आणि ऐक, मुजऱ्या गेला. मंगळवारी सकाळी होता, बुधवारी नव्हता. मंगळवारी दिपोटी शाळा तपासायला आले. पोरांकडून नद्या घोकून घेत होतो, माळाकडं पाठ. सबंध महिना राखण केली आणि नेमक्या दिवशी नद्या.

भिवा नाईकाचा पोरगा विचारत होता, "गुरुजी, कुठं गेलं ते?" मी म्हटलं, "पुस्तक काढा." तेवढंच सुचलं.

रायबा


गुंजवणे, ता. १० एप्रिल १९३८

बया,

शेटजी, आज दुकान बंद झाल्यावर वाचा. आणि अर्ध्यापुढचं हळू आवाजात. मी मागं रागानं लिहिलं त्याची माफी असावी.

मागं एका पत्रात लिहिलं की तू का गेलीस ते आठवत नाही. खोटं लिहिलं. रोज आठवतं.

लेख छापून आला त्या दुपारी तू ओसरीवर तांदूळ निवडत होतीस. मी उभं राहून वाचला, दरबारात वाचावा तसा. 'मी पाहिले', 'माझ्या नजरेस आले', 'मी या पक्ष्यास मुजऱ्या असे नाव दिले.' तू सूप खाली ठेवलंस. सगळा ऐकलास. मला वाटलं आता म्हणशील, मास्तर, झकास. तू म्हणालीस, "यात म्या कुठं हाय?"

मी हसलो. हसून म्हणालो, "असतीस तरी तुला कुठं वाचता येतंय?"

तू परत सूप घेतलंस. तांदूळ निवडून झाले, भात झाला, आपण जेवलो. तू एक शब्द बोलली नाहीस आणि मी समजलो विषय मिटला. वाडा येईपर्यंत तू तेरा दिवस होतीस या घरात. तेरा दिवसांत मला तोंड उघडता आलं असतं.

आता लिहितो. पुस्तकातली नावं मला येतात. पण पाखरू दिसतं तुला. कोणता धोबी पक्षी जायच्या आधी पिवळा व्हायला लागला, पाकोळ्या कोणत्या दिवशी तारेवर जमल्या, सगळं तू बोट करून दाखवलंस. मी नुसता हात. आणि हातानं डोळ्याचं नाव खोडलं.

मासिकाच्या संपादकांना तसं लिहून पाठवलंय. दोन पानं होती. त्यांनी उत्तर दिलं की मे महिन्याच्या अंकात चार ओळींची जागा आहे, पण 'लेखकाची सौभाग्यवती' असं घालू. मी उलट टपाली कळवलं की सौभाग्यवती नको, नाव घाला. अजून उत्तर नाही.

भोरड्या गेल्या. पाडव्यानंतर तीन दिवस झाड झाडाला बोलावत होतं इतका कालवा होता. मग एका सकाळी पांगारा मुका. खाली नुसती फुलं पडलेली. आक्काबाई झाडायला आली होती, ती म्हणाली, "ग्येली वाटतं तुजी पाहुणी." मी हो म्हणायला गेलो, आणि खाली वाकून फुलं वेचायला लागलो. म्हातारीनं केरसुणी टाकून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बया, मला तुझी फार आठवण येते. पाखरं बघायला सोबत हवी म्हणून नाही. पाखरं काय, न बघताही येतात-जातात. पण तू चुलीपुढं बसून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचीस, ते आता ऐकू येत नाही, आणि मी भिंतीला कान लावल्यासारखा बसतो. मास्तर म्हणून हाक मारायला तुला कुणी नको असेल, पण तशी हाक मारणारी मला हवी आहे. गावात सगळे मला मास्तरच म्हणतात, पण तुझ्यासारखं कुणी म्हणत नाही.

परत ये असं म्हणायला तोंड माझ्याजवळ नाही. तरी ये.

रायबा


गुंजवणे, ता. ५ मे १९३८

बया,

शेटजींचं कार्ड आलं. या खेपेस 'बयाबाई सांगते की' नाही. त्यांनी आपल्याच मनानं लिहिलंय: 'बयाबाईनं निरोप काही दिला नाही. पत्र संपल्यावर म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. वाडा पुढल्या आठवड्यात घाट चढणार.' शेटजी भला माणूस आहे. मी उगाच तोंड टाकलं.

निरोप नाही म्हणजे काय समजायचं? बरं समजावं की वाईट? मी दोन्हीकडून उलटंपालटं करून पाहिलं. सोनबा पाटलांना दाखवलं, ते म्हणाले, "बाई गप बसली म्हंजी मन पक्कं झालं." पण कशाला पक्कं, ते त्यांनाही सांगता येईना.

मामांचा माणूस येऊन गेला. सोमवार ठरलाय, सोळा तारीख, भोरला नदीत. पंचांत गेनबा थोरला. काडी ते आणणार. माझ्यासाठी मुंडाशाचं कापडसुद्धा आणणार म्हणे, रीत म्हणून. काडी मोडल्यावर तू मोकळी, आणि बापाच्या मनात पुढचा पाट कुठं लावायचा तेही ठरलेलं असणार. माणूस चांगला असला तरी मला त्याचं नाव सांगू नये.

मी येणार. आजारी पडून लांबवायचं मनात आलं होतं, ते काढून टाकलं. तू मोडा म्हणालीस तर मोडीन. पण तू म्हणालीस तरच. बापानं म्हटलेलं नाही चालायचं मला.

रायबा


गुंजवणे, ता. १९ मे १९३८

बया,

सोमवारी भोरला जे झालं ते तुझ्या देखतच झालं. तरी लिहितो, कारण मला ते अजून नीट उमगलेलं नाही, आणि कागदावर उतरवल्याशिवाय माझ्या टाळक्यात काही शिरत नाही. हे पत्र तुझ्या गावच्या शाळेचे मास्तर वाचतील. मास्तर, नमस्कार. आपण धंद्यातलेच, संभाळून घ्यावं.

पहाटे निघून नसरापूरपर्यंत चालत आलो. तिथून कापूरहोळ, आणि तिथून भोरची मोटार. नदीत पाणी डबक्यापुरतं होतं आणि तुमची मेंढरं काठापर्यंत पसरलेली. घोड्यांवर सामान चढत होतं. करंजाखाली पाच पंच बसलेले, मामा त्यांच्या शेजारी, तुझी आई मागं. तू एक कोकरू काखोटीला मारून उभी होतीस. उन्हानं काळवंडलीस. बारीक झालीस. मला एकदम पाणी आलं डोळ्यांत, म्हणून मी मोटारीच्या धुळीला शिव्या देत बसलो. ते तुझ्या आईनं ऐकलं असेल. तिला सांग, धुळीला होत्या.

मी आधी मासिकाचा अंक पुढं केला. पंच म्हणाले, ह्ये काय? मी वाचलं. 'चूकदुरुस्ती. मावळातील पाहुण्या पक्ष्यांवरील लेखातील सर्व निरीक्षणे बयाबाई, मेंढपाळ, यांची आहेत. मुजऱ्या हे नाव त्यांनीच दिले. तो उन्हाळ्यात कोठे जातो हे त्यांना ठाऊक नाही. इतर कोणास असल्यास कळवावे.' तू पुढं आलीस. "यातलं माजं कंचं?" मी बोट ठेवलं. तू माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलंस. "आन तुमचं?" मी म्हटलं, माझं नाही ह्यात. तू कागद डोळ्यांजवळ नेलास. मग म्हणालीस, "ल्हान हाय लई." संपादकांनी चारच ओळी दिल्या, मी काय करू?

गेनबांनी काडी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आधी तिला विचारा.

"बाईला इचारायची चाल न्हाई," गेनबा म्हणाले.

"मग मी बसतो हितंच."

"जावई, ऊन व्हाया लागलंय."

"होऊ दे."

मामा उठून अंगावर आले. "आरं, सहा महिनं पोरगी माज्या वाड्यावर हाय, आता इचारतुस व्हय?" त्यांचं खरं होतं. पण मी उठलो नाही. पंचांतला एकजण हसायला लागला, "ह्यो मास्तर लई वाकडा हाय गा." शेवटी गेनबा वैतागून म्हणाले, "बोल ग बाय, मोडू का न्हाई?"

तू माझ्याकडं पाहिलंच नाहीस. मेंढरं निघाली होती, पुढचा कळप काठ चढत होता, तिकडं तुझं ध्यान. मग तू माझ्या हातातली काडी काढून घेतलीस. मी डोळे मिटले. म्हटलं, आता कट्‌ आवाज येईल. आला नाही. उघडून पाहिलं तर काडी कोकराच्या तोंडात, आणि ते मिटक्या मारत खातंय.

पंचांना काय करावं कळेना. गेनबा ओरडले, "आरं, दुसरी काडी आणा!" आणि तू म्हणालीस, "दुसरी दिवाळीला. आता मेंढरं म्होरं ग्येली." कोकरू खांद्यावर टाकलंस आणि चालायला लागलीस. मामा तुझ्या मागं बोंबलत, आई पदरात तोंड घालून हसत, पंच मुंडाशाचं कापड हातात घेऊन तसेच. काठ चढताना तू एकदाही मागं वळली नाहीस. मी धूळ खाली बसेपर्यंत उभा होतो.

आता याचा अर्थ काय? आक्काबाई म्हणते, "येड्या, नांदायचंच नसतं तर मोडू दिली नसती व्हय?" सोनबा पाटील म्हणतात, तू मला टांगून ठेवलंयस. मी दोघांनाही म्हटलं, मला ठाऊक नाही. नवल म्हणजे, बोलायला काही जड गेलं नाही.

पण एक ठरवलं. या घरात येऊन राहा, असं मी तुला म्हणणार नाही. तू यावंस म्हणून जीव तुटतो, ते वेगळं. दिवाळीनंतर तुमचा वाडा परत कोकणाकडं निघेल तेव्हा मी बरोबर येतो. सुट्टी बारा दिवसांची, वर आठ दिवसांची रजा. अर्ज आजच लिहून ठेवला. कारणाच्या जागी सगळे 'घरगुती' लिहितात. मी लिहिलं, 'बायकोबरोबर घाट उतरायचा आहे.' दिपोटी नामंजूर करतील. करू देत, तरी येतो.

तू 'नको' म्हणालीस तर भोरलाच थांबेन आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत बघून परत फिरेन. वाटेत भांडायचं असेल तर मात्र वीस दिवस आहेत.

मामांना एवढं विचारून कळव: मेंढरांमागं दिवसाला किती चालावं लागतं, आणि माझ्या ह्या शाळेतल्या पातळ वहाणा टिकतील, की तुमच्यासारखी जाड पायताणं करून घ्यायची? आत्ताच सांगितलं पाहिजे. नवं पायताण महिनाभर चावतं म्हणतात, आणि मला पहिल्या दिवसापासून तुझ्या बरोबरीनं चालायचंय.

रायबा